दर ४२ सेकंदांनी

घर घ्यायचं की नाही हे माणूस चार रविवारांत ठरवतो. लग्नाचं तर पोह्यांची बशी संपेपर्यंत ठरतं. पण टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड घालावं की नाही, हे माझ्या साडूंचं २०१७ सालापासून ठरतंय. असा एक तरी गृहस्थ हल्ली दर सोसायटीत असतो.

साडू डोंबिवलीचे. पूर्वी त्यांच्या हॉलमध्ये जिथे व्हीसीआर होता, तिथे आता एक काळं, चपटं कॅबिनेट आहे. आत २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. साडू त्याला ‘एचटीपीसी’ म्हणतात, मेहुणी ‘ते खोकं’. खोक्याचं दुखणं खरं आहे, हे मान्य केलं पाहिजे. टीव्ही फोर-के, पण मदरबोर्डचं एचडीएमआय १.४, म्हणजे फोर-केला सेकंदाला फार तर ३० चित्रं. त्यात टेन-बिट एचईव्हीसीची फाइल लावली की सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा भणभणतो आणि चित्र अडखळतं. कार्ड घातलं की हे सगळं मिटेल. पण मिटलं तर रविवारी करायचं काय?

२०१७मध्ये जीटी १०३० आलं. ३० वॉटचं, बिनपंख्याचंही मिळणारं, बुटक्या कॅबिनेटात मावणारं. साडूंनी अभ्यासाला घेतलं. अभ्यास चालू असतानाच, पुढच्या वर्षी, त्याच नावाचं पण डीडीआर-फोर मेमरीचं कार्ड बाजारात आलं. मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश, खोक्यावर नाव मात्र तेच. “बघा, घाई केली असती तर?” साडू म्हणाले. खरं तर घाई केली असती तर चांगलंच कार्ड पदरात पडलं असतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

मग एव्ही-वन हे व्हिडिओ साठवण्याचं नवं तंत्र आलं, आणि १०३०ला ते झेपत नाही हे कळल्यावर साडूंचा चेहरा खुलला. २०२१मध्ये चिपांची टंचाई आणि बिटकॉइनवाल्यांचे भाऊबंद, दोघांनी मिळून कार्डांचे भाव आभाळाला नेले. तो काळ साडूंनी फार सुखात काढला. न घेणं हाच तेव्हा शहाणपणा होता. २०२२मध्ये आरएक्स ६४०० आलं, त्यात एव्ही-वन नाही. आर्क ए३८०मध्ये आहे, पण ते रिसाइझेबल बार मागतं आणि साडूंच्या बोर्डाच्या गावीही ते नाही. बोर्ड बदलायचा तर प्रोसेसर आला, रॅम आली, एसएमपीएस आलाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

२०२४मध्ये मात्र पंचाईत झाली. सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० आलं: ७० वॉट, वेगळी पॉवर केबल नको, एव्ही-वन आहे, बुटकंही मिळतं. साडू काही दिवस अस्वस्थ होते. मग त्यांना पंख्याच्या आवाजाची आठवण झाली.

“शांत प्रसंगात जाणवतो हो तो,” ते म्हणाले. डोक्यावर छताचा पंखा पाचवर करकरत होता, आत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि खाली रिक्षा स्टँडवर नेहमीचं भांडण चालू होतं.

त्यांच्याकडे सिनेमा पाहणं हा वेगळाच प्रकार आहे. डिस्कवरचा सिनेमा सेकंदाला २३.९७६ चित्रांचा, खोकं टीव्हीला पाठवतं २४. त्यामुळे साधारण दर ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा येतं. सेटिंगमध्ये २३ हर्ट्झ निवडलं की भागतं, पण मग कार्ड घेण्याचं एक कारण कमी होतं. म्हणून साडू मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसतात. पडद्यावर नायिका रडत असते. “आता बघा हं... एकोणचाळीस... चाळीस... हां! दिसलं?”

“दिसलं,” मी म्हणतो. नायिका का रडत होती, ते मला अजून माहीत नाही.

एकदा त्यांच्या मुलीने तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन सरळ टीव्हीच्या पाठीत खुपसली. सिनेमा लोण्यासारखा चालला. मेहुणी पदर खोचून बसली आणि शेवटपर्यंत पाहून उठली. साडूंनी मधेच गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घातलं. “चालणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं,” एवढंच बोलले.

गेल्या महिन्यात मेहुणीने निर्वाणीचं सांगितलं, “भाऊजी, तुम्ही यांना घेऊन जा आणि काय ते आणूनच या.” आम्ही ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवर एकेक दुकान पालथं घातलं. शेवटच्या दुकानदाराने कार्ड काउंटरवर ठेवलं, किंमत सांगितली, वर थोडी कमीही केली. साडूंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, पंख्याला बोटाने हलकेच फिरवलं आणि परत दिलं. घेतली ती एचडीएमआयची केबल.

परतीच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याला बसायला मिळाल्यावर त्यांनी पाकीट उघडून बारीक अक्षरं वाचली.

“अहो, ही २.१ची आहे. ४८ गिगाबिट. आपला टीव्ही १८चा,” ते गंभीरपणे म्हणाले. “कार्डाचं राहू दे. आधी टीव्हीचं बघायला हवं.”