वकील लावून देणारा भाऊ

आर्णी रोडवर अंधारात उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉलीवर मागून मोटरसायकल धडकली, की १०८ ला फोन केल्यावर अॅम्ब्युलन्स येते, ठाण्याला कळवल्यावर पोलीस येतात आणि कोणीही न बोलावता क्लेमभाऊ येतो.

क्लेमभाऊ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते आता फक्त आधार कार्डावर उरलं आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत हा माणूस वेगवेगळ्या चेहऱ्यांनी वावरतो. वणीकडे त्याची नजर कोळशाच्या ट्रकांवर असते, पांढरकवड्याकडे हैदराबादच्या हायवेवर, आणि कळंबपासून उमरखेडपर्यंत नागपूर–तुळजापूर रस्त्यावर. समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम करत गेला आणि यवतमाळला वगळून गेला, हा जिल्ह्यावरचा अन्याय त्याच्याइतका मनाला कोणी लावून घेतला नसेल.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. शेती आहे, पण मक्त्याने दिलेली. एकेकाळी विम्याची एजन्सी होती. हप्ते गोळा करण्यापेक्षा दावे गोळा करणं बरं, हा शोध त्याला तिथेच लागला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, काखेत प्लास्टिकची फाइल. बैठक सरकारी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर, ती सुद्धा अशा कोनात की अपघात विभागाचं दार समोर दिसलं पाहिजे. टपरीवाला त्याला पहिला चहा विचारत नाही, देतो.

बाकीचे लोक पेशंटची तब्येत विचारतात. हा फाइल उघडतो.

“काकाजी, वकील लावला का?”

“अजून पोराले शुद्ध नाई आली, भाऊ.”

“शुद्ध काय, येईन. पण कागद गेला का मंग वापस येत नाई. दवाखान्यात एमएलसीची नोंद झाली? गाडी नंबर कोनं लिहून घेतला? ट्रॉलीवाला काय म्हणून रायला?”

“तो म्हनते पाच हजार घ्या अन् मिटवा.”

इथे क्लेमभाऊ चहाचा कप खाली ठेवतो. त्याच्या आयुष्यात कप खाली ठेवण्याचे प्रसंग फार थोडे. “पाच हजार? सहीगिही नोका करू बाप्पा. एकाबी कागदावर नोका करू.”

आणि गंमत अशी की इथपर्यंत त्याचा शब्द न् शब्द बरोबर असतो. घाबरलेल्या घराला त्या रात्री मिळालेला हा एकमेव कायदेशीर सल्ला असतो आणि तो फुकट असतो. फुकटाचा भाग इथे संपतो.

आता असा माणूस निर्माणच का व्हावा? याला कारण आपले वकील नव्हेत, त्यांचे नियम आहेत. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलचा नियमच आहे. अमेरिकेत १९७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली, तेव्हापासून तिथल्या हायवेवर सुटाबुटातले वकील फलकांवरून बोट रोखून विचारत असतात, ‘लागलं का हो तुम्हाला?’ यवतमाळच्या दत्त चौकात फलकांना जागा पुरत नाही, पण ते सगळे वाढदिवसांचे. वकिलाच्या नशिबी फक्त दारावरची पाटी, तीही नियमाने लहानशी. मग वणीच्या माणसाला कळावं कसं, की अपघाताचे दावे कोण चालवतं आणि जमिनीच्या वाटण्या कोण? क्लेमभाऊ हा चालता-बोलता फलक आहे. त्याला चहा पाजावा लागतो, एवढाच काय तो फरक.

कायद्याला हे ठाऊक नाही असं समजू नका. वकिलांकडे गिऱ्हाईक ओढून नेणाऱ्या दलालांची यादी करून ती न्यायालयात लावण्याची तरतूद १८७९ च्या कायद्यातून चालत आली. तो कायदा २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने रद्द करताना ती तरतूद मात्र प्रेमाने अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये आणून बसवली: यादीत नाव असताना दलाली केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी हे क्लेमभाऊला वाचून दाखवलं. त्याने कैदेचा भाग ऐकलाच नाही. “पाचशे?” तो म्हणाला, “एवढा तं माह्या टपरीवरचा उधार हाय.” मग थोडा विचार करून, “अन् यादीत आपलं नाव नाईच नं.”

वकील निवडण्याच्या त्याच्या कसोट्या मात्र ऐकण्यासारख्या असतात. पहिली कसोटी वकिलाची गाडी. ती फार चकचकीत असेल तर फी जास्त. अगदीच जुनी असेल तर वकील हरतो. गाडीला एका बाजूने पोचा असला तर उत्तम. “ज्याची गाडी ठोकल्या गेली, त्यालेच दुखनं समजते.” दुसरी कसोटी आवाज. दावा ऐकणारं न्यायाधिकरण मुख्यतः कागदावर चालतं आणि तिथे ओरडून कोणाचाही हात जोडला जात नाही, हे त्याला माहीत आहे. पण पक्षकाराला आवाज लागतो, हेही माहीत आहे. तिसरी कसोटी तो मोठ्याने सांगत नाही. आडनाव ऐकतो, गाव विचारतो, मामाचं गावही विचारतो आणि मग म्हणतो, “आपल्यातलेच हायेत वकीलसाहेब.” आपल्यातले म्हणजे कोणातले, हे समोरच्याने आपापलं समजून घ्यायचं.

घरात कोणीतरी नागपूरवाला असतोच. तो म्हणतो, हायकोर्टाचाच वकील करा. पुण्याचा जावई फोनवर विचारतो, रेटिंग किती आहे? क्लेमभाऊ दोघांनाही चूप बसवतो. नागपूरचा खंडपीठवाला वकील अपिलासाठी लागतो. पहिला दावा आपल्या जिल्ह्यात चालतो. एवढंच नव्हे, पाटणबोरीच्या पुढे, पार आदिलाबादकडे ट्रकने उडवलं तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात टाकता येतो. तारखेला यवतमाळात उभा राहणारा माणूस पाहिजे, नागपुराहून कार धाडणारा नको. हेही बरोबरच. या माणसाची पंचाईत ही, की तो तीन वाक्यं खरी बोलतो आणि चौथ्यात आपला माणूस घुसवतो.

त्याचं खरं तेज दिसतं हिशेबात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला, वयावरून भरपाईचा गुणक सांगणारा तक्ता त्याला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चांगला पाठ आहे. बिडीच्या बंडलाच्या कागदावर तो मांडतो: वय ३२, कमाई महिन्याची १२ हजार धरा. वर्षाचे १ लाख ४४ हजार. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा करणारा म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के. झाले २ लाख १ हजार ६००. मागे बायको, दोन लेकरं, म्हातारी. म्हणजे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा. उरले १ लाख ५१ हजार २००. गुणिले सोळा. “चोवीस लाख एकोनीस हजार दोनशे. अंत्यविधीचे अन् बाकीचे वेगळे.” वकिलाच्या कॅल्क्युलेटरवर हेच उत्तर येतं, फक्त उशिरा.

या विद्येने त्याची नजर मात्र बिघडवून टाकली आहे. लग्नाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला होता. नवरदेवाकडे पाहत म्हणाला, “अठ्ठावीस असन. सतरा बसते.” मी विचारलं, काय सतरा? “काई नाई, जेवा तुमी.” एकदा माझ्याकडेही त्याने तसंच निरखून पाहिलं, आणि चेहरा असा पाडला की माझं वय पंचावन्नच्या पुढे गेल्याचं मला त्या दिवशी खरोखर कळलं. छप्पन ते साठला गुणक नऊ. माणसं त्याला सावकाश घसरत जाणाऱ्या रकमांसारखी दिसतात.

त्याचा सगळा राग शेतकऱ्यावर. नोकरवाल्याची पगार-स्लिप असते, कापूसवाल्याची काय असते? सातबारा. सातबारावर पीक लिहिलेलं असतं, कमाई नाही. मग जिनिंगच्या काट्याच्या पावत्या शोधा, सोसायटीचं पासबुक काढा, दुधाची डायरी असेल तर फारच छान. “जित्तेपनी कोनी पावत्या ठेवत नाई,” तो वैतागून म्हणतो, “मंग वकील काय हवेत गुनाकार करन?” आणि कापूस वेचायला निघालेल्या बाया ट्रॉलीत बसून उलटल्या, की तो डोक्यालाच हात लावतो. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००२ पासून आहे. कंपनीचा वकील तोच पुढे करतो. अशा दाव्यात वकील कोण, यानेच सगळा फरक पडतो. आणि नेमके हेच दावे क्लेमभाऊ एखाद्या नव्या वकील पोराकडे ढकलतो, कारण त्यात मिळेल याची खात्री नाही.

रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली तर तो गाडी वळवून घरीच जातो. “रोहीले लायसन नाई, इन्शुरन्स नाई, पत्ता नाई. कोनावर लावता केस?” पण गाडी स्वतःच्या नावावर असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच घेतलेलं असेल, तर ते घसरून पडूनही लागू होऊ शकतं, मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला. दरसाल त्याचे पैसे भरणाऱ्या किती घरांना ते ठाऊक असतं? त्याला ठाऊक असतं, पण त्यात वकील लागेलच असं नाही. म्हणून तो ते आपणहून सांगत नाही.

न सांगण्याच्या गोष्टींची त्याची यादी सांगण्याच्या गोष्टींपेक्षा लांब आहे. टक्क्यांचंच घ्या. मिळालेल्या रकमेत वाटा ठरवून केस घेणं वकिलाला मना आहे. बार कौन्सिलचा नियम तसा स्पष्ट आहे. टपरीवर मात्र भाषा टक्क्यांचीच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असतं आणि तिथे बाईला तिचं उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. ते दार दाखवायची वेळ आली की क्लेमभाऊला हमखास फोन येतो. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजारांची सरकारी योजना २०२२ पासून आहे आणि तिचा अर्ज तहसीलच्या बाजूने जातो. तहसीलमध्ये त्याचं कोणी नाही. एक गोष्ट मात्र तो कधी लपवत नाही: दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा. १९९४ मध्ये उठवलेली ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण घाई करण्याच्या बाजूने आलेला कायदा क्लेमभाऊला नेहमीच न्याय्य वाटतो.

त्याचा खरा शत्रू कंपनीचा वकील नव्हे. बँक आहे. पूर्वी म्हणे चेक हातात यायचा, हात टपरीपर्यंत यायचा, आणि पुढचं सगळं प्रेमाने व्हायचं. आता न्यायाधिकरण रक्कम थेट वारसाच्या खात्यात द्यायला सांगतं, आणि लेकरांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत अडकवतं. “पोरगी तीन वर्षाची हाय,” तो मला एकदा हताश होऊन म्हणाला. “पंधरा वर्सं थांबू का म्या चहापान्याले?”

गेल्या हंगामात कळंबकडच्या एका बाईचा नवरा गेला. क्लेमभाऊने रीतसर फाइल केली, वकील ठरवला, तिला घेऊन गेला. सोबत तिची धाकटी बहीण होती, आशा सेविका. नोंदी ठेवायची सवय. वकिलाच्या टेबलासमोर बसल्या बसल्या तिने वही उघडली आणि विचारलं, “साहेब, अपघाताचेच दावे चालवता का सगळेच? तारखेले तुमी राहता का ज्युनिअर? फी किती अन् कोनत्या टप्प्याले, ते लिहून द्यान का? अन् पैसे मंजूर झाले का कोनाच्या खात्यात येतीन?”

क्लेमभाऊला खोकला आला. वकील मात्र खुर्चीत सावरून बसले. इतक्या वर्षांत त्यांना फीबद्दल सरळ कोणी विचारलंच नव्हतं; लोक क्लेमभाऊला विचारत आणि क्लेमभाऊ त्यांच्या वतीने काय आकडा सांगत असे, हे त्यांनाही नीट ठाऊक नसावं. त्यांनी कागद घेतला आणि लिहून दिलं. बहिणीने त्याचा फोटो काढला.

त्या संध्याकाळी टपरीवर तो बराच वेळ गप्प होता. “अशा बाया निघाल्या तं धंदा बसला समजा,” एवढंच म्हणाला. पण त्याच्यासारखी माणसं फार वेळ बसून राहत नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी दवाखान्यावरून जाताना पाहिलं, तर दारव्ह्याकडचं एक घाबरलेलं कुटुंब त्याच्यापुढे बसलं होतं आणि हा बोट वर करून सांगत होता, “काकाजी, वकील असाच नाई लावा लागत. त्याले प्रश्न पुसा लागते. म्या तीस वर्सांपासून हेच सांगून रायलो. लिहा. पयला, अपघाताचेच चालवता का? दुसरा, तारखेले स्वतः राहता का? तिसरा, फी लिहून देता का?”

काकाजींनी तिन्ही लिहून घेतले आणि चौथा काय, म्हणून वर पाहिलं. “झालं,” क्लेमभाऊ म्हणाला, “तीनच हायेत,” आणि फाइल काखेत मारून त्यांना ऑटोत बसवायला उठला.