भाच्याने लावलेली शिस्त

अपरिग्रह शिकायला लोक लांबून सेवाग्रामला येतात. बापू १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हापासूनची सोय. आम्हा वर्धेकरांना मात्र घरचा कॉम्प्युटर पुरतो.

दिवाळीला पुण्याहून भाचा येतो. अख्खं घर एकाच खात्यावर, तेही बिनपासवर्डचं, हे पाहून हळहळतो. प्रत्येकाला वेगळं खातं काढून देतो आणि ‘जुनं कशाला?’ म्हणत पहिलं उडवतो. विंडोज ७ अशा वेळी निदान विचारायचं, फाइली ठेवू का? विंडोज १० खातं आणि डेटा एकदमच काढायला निघतं. तशी सूचना देतं म्हणा. पण ‘हो’ दाबायला वाचावं थोडंच लागतं?

सातबाऱ्याचे स्कॅन, लग्नाचे फोटो, कापूस विकल्याच्या पावत्या गेल्या. रिसायकल बिनही रिकामं. मग फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवतात, तेही त्याच सी ड्राइव्हवर. म्हणजे उरलंसुरलं त्याच्याखाली गाडलं जातं. बॅकअप? पेनड्राइव्ह आहे की, त्यात भजनं आहेत.

मामा आता नव्या खात्यात शिरू पाहताहेत. पासवर्ड भाच्याला ठाऊक, आणि भाचा महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये घोरतोय.