औरंगपुऱ्यात रॉकचं सोवळं

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, औरंगपुऱ्यात, चांगल्या घरांतली मुलं बिघडली आहेत. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, मोबाइलवरची रमीसुद्धा नाही. असतं तर निदान नातेवाइकांत उघडपणे रडता आलं असतं. ही मुलं संध्याकाळी स. भु. कॉलेजजवळच्या टपरीवर चहा घेतात आणि १९७३ साली निघालेल्या एका तबकडीवरून एकमेकांशी बोलणं टाकतात. तबकडी निघाली तेव्हा यांचे वडील चड्डीत फिरत होते. शिवाय ती निघाली विलायतेत, गुलमंडीवर नव्हे.

तबकडीचं नाव ‘द डार्क साइड ऑफ द मून’. करणारे पिंक फ्लॉइड. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ती नऊशेहून जास्त आठवडे राहिली म्हणे. म्हणजे सतरा वर्षं तरी झाली. आमच्या जुन्या शहरात एवढ्या मुदतीत भाडेकरू मालक होतो.

आमच्या गल्लीतल्या एकाला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली. पहिला पगार झाला. आईला वाटलं, साडी येईल. आला रेकॉर्ड प्लेअर! त्याच्या बापाने असलाच एक प्लेअर पंचवीस वर्षांपूर्वी भंगारवाल्याला वजनावर दिला होता, आणि बापाला ती किंमत अजून पाठ आहे. बरं, प्लेअरवर भागलं नाही. बाहेरून आलेली एकेक तबकडी तीन-तीन, चार-चार हजारांची. हेच गाणं फोनवर फुकट ऐकायला मिळतं, असं बाप म्हणाला, तर पोरगा म्हणतो, “पप्पा, फोनवर नुसतं ऐकू येतं हो.” आता ऐकू येण्यापलीकडे गाण्याने आणखी काय करायचं असतं, हे त्या माउलीने मला विचारलं. मी गप्प बसले, कारण पोराचं म्हणणं मला पटलं होतं.

तबकडी काढायच्या आधी तो साबणाने हात धुतो. कडेला तळव्यांनी धरतो, मधल्या भागाला बोट लागू देत नाही, दुसऱ्या कुणी हात पुढे केला तर किंचाळतो. त्याची आजी मात्र खूश आहे. तिने साठ वर्षं सांगून जे सोवळं त्या घरात टिकलं नाही, ते इंग्लंडच्या चार केसाळ माणसांनी टिकवून दाखवलं.

आजोबांची वेगळीच तऱ्हा. ते तरुणपणी तबला शिकलेले. नातवाने ‘डार्क साइड’मधलं ‘मनी’ लावलं, तसे ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायला लागले आणि म्हणाले, “अरे, सात मात्रा! हा तर रूपक.” खरंच आहे ते. ते गाणं सातात चालतं आणि गिटार रंगात आली की चारात उतरतं. आजोबांनी तिथेच खुर्चीवरची थाप थांबवली. “सात पेलवले नाहीत वाटतं,” एवढंच बोलले. नातू दोन दिवस जेवायला बसताना त्यांच्याकडे पाठ करून बसला. मला विचाराल तर गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरची ती उडी चारातच हवी होती, पण हे मी आजोबांना सांगायला गेले नाही. वयाचा मान ठेवावा लागतो.

हे झाले सत्तरवाले. दुसरा कंपू मेटलवाल्यांचा. ओळखायला सोपा, कारण मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, पैठणगेटपासून औरंगपुऱ्यापर्यंत काळा टी-शर्ट घालून चालत येणारा माणूस एकतर मेटलवाला असतो किंवा वकील. यांच्यातही आत दोन तट आहेत. मेटॅलिकाचा १९८६ सालचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मानणारे आणि १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम मानणारे. पहिल्यांच्या मते दुसऱ्यांनी धर्म बुडवला. काळा अल्बम सोपा झाला, गाणी छोटी झाली, पोरीसुद्धा ऐकायला लागल्या! यातला शेवटचा आरोप सगळ्यांत गंभीर. माझं मत विचारलंच पाहिजे असं नाही, पण सांगते: काळा अल्बम उत्तम आहे, आणि त्याला नावं ठेवणारे घरी दार लावून तोच ऐकतात. भिंती पातळ आहेत आमच्याकडच्या.

त्या दोन्हींच्या मधला १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घ्या. आधीचा बासवाला क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. जागेवर नवा आला, जेसन न्यूस्टेड. आणि अल्बम निघाला तर त्यात बास जवळजवळ ऐकूच येत नाही. शुद्ध सासुरवास! गाणी मोठ्या ताकदीची, पण तो पोरगा बिचारा अख्ख्या तबकडीत आहे आणि नाही. २००३च्या ‘सेंट अँगर’बद्दल मात्र दोन्ही तटांचं एकमत आहे. त्यात ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. एकाने तो गच्चीवर मोठ्याने लावला, तर खालून शेजारीण ओरडली, “कामून वाजवायलास रे? टाकी फुटली का?”

आता तुम्ही म्हणाल, बाईंना बरीच आतली माहिती. तर आमच्या वेळी कॅसेट भरून मिळायची. आपण कोरी नव्वदची न्यायची, दुकानदाराकडच्या वहीतून नावं निवडायची, आठवड्याने भरलेली आणायची. नव्वदची म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ‘डार्क साइड’ त्रेचाळीस मिनिटांचा, तो एका बाजूत व्यवस्थित मावायचा. बीटल्सचा ‘ॲबी रोड’ सत्तेचाळीस मिनिटांचा. त्यामुळे ‘द एंड’ नावाच्या गाण्याचाच शेवट कॅसेटवाल्याने कापलेला असायचा, आणि आमच्यातल्या कित्येकांना बीटल्स असेच मध्ये तुटून संपले असं वाटत राहिलं. इतिहास पाहिला तर तेही फार चूक नव्हतं.

तेव्हा माझा अधिकार आहे, आणि तो वापरून सांगते. पिंक फ्लॉइडचा सर्वांत चांगला अल्बम ‘डार्क साइड’ नाही. १९७७चा ‘ॲनिमल्स’ आहे. कुत्रे, डुकरं, मेंढरं आणि कुणाचीही गय नाही. हे मी टपरीवर म्हणाले, तर एका मुलाच्या हातातली कटिंग कपासकट खाली आली. “काकू, तुम्ही सुद्धा?” ‘द वॉल’बद्दल तर मी बोललेच नाही. दोन तबकड्यांचा ऐवज, त्यात एकीचाच माल. गन्स अँड रोझेसनेही १९९१च्या सप्टेंबरात ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी बाजारात आणले. एकात भागलं असतं. आणि त्यांचा ‘चायनीज डेमॉक्रसी’? वर्षानुवर्षं येणार, येणार म्हणत २००८ साली उगवला. तो त्या वर्षात आला तर सगळ्या अमेरिकेला फुकट पेय पाजू, असं डॉक्टर पेपर कंपनीने जाहीर केलं होतं. आला आणि कंपनीची पंचाईत झाली. आपल्याकडे उड्डाणपुलांवर असं बक्षीस कुणी लावत नाही, तेच बरं आहे.

बारकाईने पाहिलं तेव्हा मला यातलं इंगित कळलं. प्रत्येकाचा रॉक त्याच्या पदवीच्या वर्षी मरतो. पंच्याण्णवला बी. कॉम. झालेल्याला विचारा, कर्ट कोबेननंतर काही उरलं नाही. दोन हजार सातवाला म्हणेल, लिंकिन पार्कनंतर सगळा अंधार. आणि ही आत्ताची बावीस वर्षांची मंडळी त्याहून पुढची. यांचा रॉक यांच्या जन्माआधी तीस वर्षं मेला. न पाहिलेल्या माणसाचं सुतक पाळायचं, तेही इतकं कडक! बंडखोरांचं म्हणून जे संगीत निघालं, त्याच्या भक्तांइतकी कर्मठ माणसं आज औरंगपुऱ्यात दुसरी सापडणार नाहीत. कीर्तनकारालासुद्धा चाल बदलायची मुभा असते हो.

आणि ज्यांच्या नावाने हे सोवळं चाललंय त्यांच्या घरी काय चाललंय? भाऊबंदकी! पिंक फ्लॉइडमधल्याच रॉजर वॉटर्सने २०२३ साली सगळा ‘डार्क साइड’ जुन्या सोबत्यांशिवाय पुन्हा रेकॉर्ड केला. त्यात गिल्मरची गिटार नाही, पुटपुटणं भरपूर. ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटणीचा वाद असा उकरून काढावा, हे मराठवाड्यात चटकन समजतं. आमच्याकडे बांधावरून होतं, त्यांच्याकडे सोलोवरून. अल्बम मी ऐकला. एकदा पुरे.

नव्याचं काही सांगायचं तर रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला. अठरा वर्षांनी नवी गाणी, आणि मिक जॅगर तेव्हा ऐंशीचा. आमच्या ओळखीतले ऐंशीचे गृहस्थ जिना चढून आले की घरात बातमी होते. अल्बम बरा आहे, ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’साठी बाकीचं ऐकून घ्यावं. ‘द क्युअर’चा २०२४चा मात्र ऐकाच. सोळा वर्षं गप्प बसून, पासष्टीला आलेल्या, ओठांना लाली फासणाऱ्या त्या रॉबर्ट स्मिथने जे केलंय ते तिशीतल्यांना जमलेलं नाही. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं उलटली तरी गाणाराच येत नाही. तबलावाले आजोबा म्हणाले, “आलाप झाला, आता सुरू करा म्हणावं.” आणि तो सुरू झाला तेव्हा ते उठून गेले नाहीत, ही त्यांची दाद. लिंकिन पार्कच्या ‘फ्रॉम झीरो’वरून तर टपरीवर दोन दिवस रण माजलं. चेस्टर बेनिंग्टनच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग. बाई! बत्तीस मिनिटांचा नीटनेटका अल्बम आहे, ती ओरडतेही छान, पण चर्चा तिच्या आवाजाची कमी आणि तिने उंबरठा ओलांडल्याची जास्त.

कुणी म्हणेल, हे आपल्या संस्कृतीत बसतच नाही. तसं म्हणणाऱ्या आजींना मी विचारलं, “आत्माराम भेंडे आठवतात का?” आठवतात म्हणाल्या, त्यांच्या फार्सला हसून पोट दुखलं होतं. म्हटलं, त्यांचाच मुलगा नंदू. १९७४ साली ॲलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झाला, रॉकच्या बँडांत गायला आणि मग थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी रंगमंचावर तोच आवाज घेऊन आला. आजी म्हणाल्या, “घरातलाच निघाला की!” मग मी थांबतेय कशाला? फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच त्याचा शाळेतला ‘हेक्टिक्स’ बँड निघाला. जॉर्ज हॅरिसनने १९६८च्या जानेवारीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपले वादक बसवून ‘वंडरवॉल म्युझिक’चा एक भाग रेकॉर्ड केला. १९७२ साली लेड झेपलिनच्या पेज आणि प्लँट यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन ‘फोर स्टिक्स’ वाजवून पाहिलं, आणि ते लोकांच्या कानावर पडायला २०१५ उजाडलं. गोव्यात शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ घरीच रेकॉर्ड केला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोहोचवल्या. तुमच्या मुलाने स्कूटर घेतली तर तो क्लासला जाईल, हेच खरं.

औरंगपुऱ्याच्या बाबतीत माझी एकच तक्रार आहे. १९७१च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोचा कॅसिनो जळाला, फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना. तळ्यावरून धूर पसरताना डीप पर्पलवाल्यांनी पाहिला आणि त्यातून ‘स्मोक ऑन द वॉटर’ झालं. आज शहरातल्या कुठल्याही गिटार क्लासखाली उभं राहा, पहिल्या पाच मिनिटांत तेच कानावर येतं, बहुतेक चुकीचं. आमच्या जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार २०१६च्या दिवाळीत भडकला. रॉकेटं आडवी सुटली, अर्ध्या शहराने गच्चीवरून पाहिलं. बरोबरीचं नाट्य, उलट आवाज इथे जास्त. पण चार सुरांचं काही कुणाला सुचलं नाही. सगळे व्हिडिओ काढत होते.

हं, मूळ बातमी राहिलीच. वाळूजवाल्या त्या मुलासाठी स्थळ पाहायला गेलो होतो. हाच तो, जो २०२५च्या मे महिन्यात ‘मुंबईला मुलाखत आहे’ असं सांगून देवगिरी एक्स्प्रेसने गेला आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस पाहून घसा बसवून परतला. मुलाखत इतकी जोरात झाली का, असं आईने विचारलंही होतं. तर कांदेपोहे झाले, दोघांना बाल्कनीत बोलायला पाठवलं. मोठी माणसं आत कान लावून. पगार विचारील, स्वयंपाक विचारील. याने विचारलं काय, तर “गिल्मर की वॉटर्स?” मुलगी म्हणाली, “सिड बॅरेट. १९६८ला तो गेला तिथेच माझ्यासाठी संपलं.”

मुलाच्या आईने घाबरून मला बाजूला घेतलं. “अहो, हा सिड कोण? आणि गेला म्हणजे कुठे गेला?” मी म्हटलं, घाबरू नका, तोही फ्लॉइडचाच, बँडमधून गेला; घराणं सारखंच आहे, फक्त मुलगी तुमच्या मुलापेक्षा जास्त कर्मठ निघाली. साखरपुडा दिवाळीनंतर आहे. मुलाच्या बापाने नवरदेवाच्या वरातीला बँड ठरवलाय, इसाराही दिलाय, आणि काल संध्याकाळी मुलीकडून फोन आला की वरातीत काय वाजवायचं याची यादी ती पाठवील, त्यात १९६८च्या पुढचं काही नसेल.