पोरं बिघडली हो, शब्दांनी!

ऐकलंत का? शहरातली चांगल्या घरची पोरं भलत्याच नादाला लागली आहेत. क्रांती चौकात टपरीवर उभी राहतात आणि खिशातून काढतात काय, तर रबर लावलेली पत्त्यांची गड्डी! आईबापांना आधी वाटलं रमी. रमी परवडली असती. पत्त्याच्या एका अंगाला ‘ऑब्सिक्वियस’, दुसऱ्या अंगाला अर्थ, कोपऱ्यात चहाचा डाग.

जीआरई म्हणतात या दुखण्याला. अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या इंजिनिअरला हमखास होतं. सिडकोतल्या एका घरात तर म्हणे देव्हाऱ्याच्या दारावरही शब्द डकवलेत. फ्रिजवर ‘अ‍ॅबस्टेमियस’, म्हणजे खाण्यापिण्यात संयमी, आणि आत गुलमंडीवरची इमरती! माउली फोडणी देता देता विचारते, “पाठ करू राहिला का रे?” आतून उत्तर, “करू राहिलो ना!” पोरगं मोबाइलमध्ये.

वडील गल्लीभर सांगत सुटलेत, “सराव परीक्षेत व्हर्बलला 140 पडले!” शेजाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. आता त्यांना कोण सांगणार, की तिथं गुणांचं खातंच 130 ला उघडतं आणि 170 ला बंद होतं! इमरती मात्र वाटून झाली.

पण खरी भानगड पुढेच आहे. ही मंडळी घोकतात ती बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची जुनी यादी. थोरल्याकडून धाकट्याकडे आलेली, झेरॉक्सची झेरॉक्स. तेव्हा परीक्षेत सुटा शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारायचे, म्हणून ती यादी. तो प्रकार ऑगस्ट 2011 मध्येच बंद झाला. सप्टेंबर 2023 पासून तर अख्खी परीक्षा दोन तासांच्या आत उरकते. व्हर्बलचे प्रश्न 27, वेळ 41 मिनिटं. उतारे आणि गाळलेल्या जागा. शब्द लागतात, नाही असं नाही, पण ते वाक्यात ओळखावे लागतात. आणि पानभर इंग्रजी वाचा म्हटलं की आमच्या वीरांना जांभया! नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ 1949 सालचं. त्याची कुठलीही वापरलेली प्रत उघडून बघा: सुरुवातीच्या दोन-तीन प्रकरणांत पेन्सिलीच्या रेघोट्या, पुढे पानं कोरी करकरीत.

शिवाय इंजिनिअरिंगचा प्रवेश देणारे व्हर्बलपेक्षा गणिताचेच गुण आधी बघतात, हे या पोरांना पाठ आहे. तरी घोकणं सुटत नाही. गणितातले गुण चारचौघांत मिरवता येत नाहीत ना!

कोरोनानंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी कित्येक अभ्यासक्रमांसाठी जीआरईची अटच काढून टाकली आहे. तेव्हा काकू, फी भरण्याआधी पोराला एवढंच विचारा: बाळा, तुझ्या विद्यापीठाला ही परीक्षा हवी आहे का?