हाकेच्या अंतरावर

वाडीत स्कूटर वळवायची तर समोरच्या ओट्यावर बसलेल्याला पाय पोटाशी घ्यावे लागतात. अशा वस्तीत घोडं ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. पण घोड्यांविषयी अधिकारवाणीनं बोलणारा माणूस मात्र दर गल्लीत निदान एक असतोच. त्याला सगळे काका म्हणतात. तो बँकेतून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेला असतो, संध्याकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडतो, आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘आमच्या पागेत’ म्हणतो. ही पागा नेमकी कुठं होती, असं विचारू नये. विचारलं की आधी चहा येतो आणि मग दीड तास जातो.

दोष काकांचा नाही, बडोद्याचा आहे. या शहरातून जनावरं गेली आणि नावं मागं राहिली. हाथीखान्यात आता धान्याचा आणि तेलाचा घाऊक बाजार भरतो. गेंडीगेटाशी गेंडा नाही. पोलो ग्राउंडवर दसऱ्याला रावण जळतो. पिलाजी गायकवाडांनी सोनगडला ठाणं केलं आणि १७२१ पासून गुजरातेत जम बसवला, तो घोड्याच्या पाठीवर बसून. त्यांच्यामागून जी मराठी माणसं आली, त्यांतल्या निम्म्यांचे पणजोबा तरी घोड्यावरून आले असणार. उरलेल्या निम्म्यांचेही घोड्यावरूनच आले, हे पुढं नातवंडांनी ठरवलं.

काकांचे पणजोबा शिलेदार होते. बारगीर नव्हे, शिलेदार. हा भेद ते पाहुण्यांना पाण्याचा पेला हातात देताना समजावून सांगतात: बारगिराला घोडं सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येई. पुरावा म्हणून भिंतीवर एक मोडी कागद चौकटीत लावलेला आहे. तो घरात कुणालाही वाचता येत नाही, त्यामुळं ती सनद आहे.

आता हाडाच्या शिलेदाराला घोडं हवंच, आणि ते काकांना मिळालं आजवा रस्त्याच्या पलीकडच्या एका पडीक मैदानात. तिथं लग्नाच्या वरातीला घोड्या भाड्यानं देणाऱ्या चार-पाच जणांच्या मिळून अकरा घोड्या चरायला सोडलेल्या असतात. त्यांतल्या दोन, एक पांढरी आणि एक अबलख, काकांच्या ओळखीच्या एका चाचांच्या. संध्याकाळी त्यांना आत आणायचं असतं. चाचा पिढीजात घोडीवाले. काका पिढीजात काका. रोज पाच वाजता दोघं एकाच स्कूटरवर बसून तिथं जातात. चाचांच्या मांडीवर पत्र्याचा डबा असतो आणि काकांच्या तोंडात सिद्धान्त.

सिद्धान्त असा, की जातिवंत घोडं हाकेला येतं. डबा वाजवून बोलावणं ही लाच झाली. ‘आमच्या पागेत डबा नव्हता,’ काका म्हणतात, ‘नुसतं नाव घेतलं की घोडं हजर.’

मग काका झांप्याशी उभे राहतात. (बडोद्याच्या मराठीत मैदानाला फाटक नसतं, झांपा असतो.) पाय फाकवून, एक हात कमरेवर, दुसरा तोंडाशी. ‘रोऽऽशनी!’ पांढरी घोडी मान वर करते, एक कान इकडं वळवते, दुसरा तिकडंच ठेवते आणि पुन्हा गवतात तोंड घालते. मैदानाला लागून नवी सोसायटी झाली आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावरून मात्र तत्काळ उत्तर येतं, ‘कोण?’ काकांना माफी मागावी लागते. आठवड्यातून दोनदा तरी लागते.

घोडीची बाजूही ऐकायला हवी. मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतं. जठर अंगाच्या मानानं लहान, त्यामुळं थोडं थोडं पण सतत खाणं हाच त्याचा धर्म. शिवाय ते कळपाचं जनावर. दहा जणी चरत असताना अकरावीनं एकटीनं उठून एका माणसाकडं चालत जाणं, म्हणजे पंगत रंगात आलेली असताना कुणीतरी उगाच हात धुवायला उठणं. आणि आवाज कुठून आला हे घोड्याला तितकंसं कळतही नाही. हेफनर या अमेरिकन दांपत्यानं प्राण्यांच्या कानांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यांत असं दिसलं, की आवाजाची दिशा सांगताना माणसाला एखाद्या अंशाचा फरक कळतो, घोड्याला तो सुमारे २५ अंशांचा लागतो. वरच्या पट्टीतलं मात्र घोड्याला माणसापेक्षा जास्त ऐकू येतं. थोडक्यात, काका ओरडताहेत हे रोशनीला उत्तम कळतं. ते झांप्याशी उभे राहून ओरडताहेत की शेजारच्या बाभळीतून, एवढाच तिचा गोंधळ असू शकतो.

‘ती अमेरिकन घोडी,’ काका म्हणाले.

त्यांच्या बाजूनंही संशोधन आहे, आणि ते त्यांच्या मोबाइलवर आहे. २०१२ साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ओळखीच्या माणसाचा आवाज कानावर पडला की घोडं नेमकं त्या माणसाकडं पाहतं; आवाज आणि चेहरा यांची जोडी त्याच्या डोक्यात पक्की असते. काकांनी हे वाडीतल्या चार गटांत पाठवलं. पण ओळखणं वेगळं आणि येणं वेगळं. विमा एजंटाचा आवाज आपणही ओळखतोच.

पाठीशी म्होरकी लपवून जाण्याचा प्रयोगही झाला. काका दोन्ही हात पाठीमागं बांधून, आकाशाकडं पाहत, फिरायला आल्यासारखे घोड्यांच्या दिशेनं निघाले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. त्यातून माणसाच्या अंगाची भाषा वाचण्यात तर ही जात पटाईत. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून बेरजा-वजाबाक्या करी आणि मोठमोठे प्राध्यापक तोंडात बोट घालत. १९०७ साली ऑस्कर फुंगस्टनं त्याचं बिंग फोडलं. हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेत, भुवईत जो नकळत फरक पडे, तेवढा पाहून तो थांबे. माणसाची भुवई वाचणाऱ्या जनावरापुढं काकांनी संपूर्ण काकाच उभे केले होते. अकराच्या अकरा घोड्या शांतपणे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. काका तिथं पोचले तेव्हा त्या पहिल्या टोकाला होत्या.

नातवानं एकदा सोपा उपाय काढला. मोबाइलवर बँडची धून लावायची. लग्नाची घोडी बँडला सरावलेली असते, आवाज ऐकला की येईल. कल्पना वाईट नव्हती, फक्त घोडीच्या बाजूनं कुणी विचार केला नव्हता. बँड वाजला की पाठीवर जरीची झूल, झुलीवर नव्वद किलोचा नवरदेव, पुढं नाचणारे मित्र आणि कानाशी फटाके, हे तिला वर्षानुवर्षांच्या अनुभवानं ठाऊक. पहिल्या सुरालाच मैदान असं रिकामं झालं, की कुणाला वाटावं इथं कधी घोडी नव्हतीच. सोसायटीतले लोक मात्र वरात पाहायला गॅलरीत आले.

लाच न देण्याचं व्रत काकांनी एकदाच मोडलं, तेही गुपचूप. सदऱ्याच्या खिशात गुळाचे खडे घेऊन ते सरळ मैदानात शिरले. सामायिक मैदानाचा पहिला नियम असा, की खाऊ घेऊन कळपात शिरायचं नाही. एकीला दिला की अकराजणी येतात, त्यांच्यात मानपानावरून लाथा सुरू होतात आणि मध्ये उभ्या माणसाला कोण कुणाला मारतंय हे विचारायला सवड मिळत नाही. हे चाचांना सहाव्या वर्षापासून ठाऊक. काकांना ते पासष्टाव्या वर्षी कळलं. खिसा फाटून लोंबत होता, पाठीला तोंडांचा फेस लागला होता, एक चप्पल आतच राहिली होती. ‘बघितलंत,’ झांप्यावरून उतरता उतरता ते म्हणाले, ‘कशा धावत आल्या!’

चाचांची पद्धत अगदीच नीरस. ते आत जात नाहीत. झांप्याशी उभे राहून डब्यातले हरभरे तीनदा हलवतात. आधी अबलख येते. ती वयानं मोठी, स्वभावानं खाष्ट, कळपात तिचा शब्द चालतो. तिला म्होरकी चढली की रोशनी मुकाट मागं येते, कारण मागं राहायचं नसतं. रोज तीच वेळ, तोच खडखडाट, तोच हरभरा. नाव घेत नाहीत की शीळ घालत नाहीत. काकांच्या मते ही पद्धत दिसायला बरी नाही.

हरायची वेळ आली की काका अंकलीला जातात, म्हणजे तोंडानं. आळंदीच्या पालखीबरोबर माउलींचा अश्व चालतो, तो बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतो. त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, तिथं माउली असतात. रिंगणात तो आपला आपण धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ‘त्याला कोण डबा दाखवतं हो?’ काका विचारतात. चाचा विडी विझवतात. ‘काका, ए तो भगवाननो घोडो. आ भाडानी घोडी.’

दत्तजयंतीला काका सारंगखेड्याला जातात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, आणि घोड्यांचा मोठा बाजार. तिथं ते मारवाडी पाहतात, काठेवाडी पाहतात; काठेवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकताहेत का, हे चष्मा पुसून तपासतात; दात बघतात, भाव विचारतात, मान हलवतात आणि एक घोंगडी घेऊन परततात. घरी अशा नऊ घोंगड्या आहेत.

त्यांच्या शब्दाबाहेर कधीच न गेलेला एक घोडा बडोद्यात आहे. कमाटीबागेच्या दाराशी सयाजीराव महाराजांना पाठीवर घेऊन उभा असलेला काळा घोडा. मुंबईच्या पाहुण्यांना काका तिथं मुद्दाम नेतात. ‘तुमचा काळा घोडा,’ ते सांगतात, ‘१९६५ साली त्यावरच्या एडवर्डसकट भायखळ्याच्या बागेत गेला. २०१७ मध्ये त्या जागी नवा आला, तो बिनस्वाराचा. आमचा बघा, जागचा हलला नाही.’ हे खरंच आहे. पण ब्राँझचा घोडा जागचा हलला नाही याचं श्रेय कुणी स्वतःकडं घेऊ शकेल, हे काकांचं बोलणं ऐकेपर्यंत पटत नाही.

सगळ्यात बाका प्रसंग कार्तिकी एकादशीचा. आषाढीपासून लग्नं बंद, म्हणजे चार महिने घोड्यांना सुट्टी. त्यात पावसाळ्याचं गवत. कार्तिकी येईपर्यंत पोट असं सुटतं, की खोगिराच्या तंगाला दोन भोकं कमी पडतात आणि कुणाची हाक ऐकण्याची गरज उरत नाही. आणि नेमका त्याच दिवशी बडोद्यात विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो. विठोबा बसतो चांदीच्या पालखीत, तरी मिरवणुकीला म्हणायचं वरघोडाच. गुजरातीत लग्नाची वरात घोड्याशिवाय बोलताच येत नाही. देव उठले की मागोमाग नवरदेव उठतात. मुहूर्ताचे फोन सुरू होतात.

गेल्या कार्तिकीला चाचांना ताप होता. डबा त्यांच्या पोरानं नेला, पण काकांनी तो स्कूटरच्या डिकीतच ठेवायला लावला. पहिलं बुकिंग दुसऱ्याच संध्याकाळचं. काकांनी पाचपासून सातपर्यंत हाका मारल्या. साताला अंधार पडला. पोरानं डिकी उघडली, डबा काढताना तो चुकून खडखडला, आणि अंधारातून अकरा घोड्या झांप्याशी येऊन उभ्या राहिल्या. ‘आवाज पोचायला वेळ लागला,’ काका म्हणाले.

त्याच रात्री पुण्याची पुतणी मुक्कामाला आली होती. तिनं नुकताच मोडीचा वर्ग केला होता. जेवणं झाल्यावर ती स्टुलावर चढून चौकटीतला कागद वाचू लागली. काका आरामखुर्चीत रेलून सनद ऐकायच्या तयारीत. तिला सुरुवातीला दोन ओळी लागल्या नाहीत, मग सगळं भराभर लागत गेलं. शिलेदाराचं नाव त्यात नव्हतं. बारगिराचंही नव्हतं. घोड्यांची संख्या होती, पुढं हरभऱ्यांचे शेर होते, रोजची चंदी किती, शिल्लक किती, आणि खाली हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचं नाव. ते पणजोबांचं होतं.

काकू हसल्या. काका काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी चौकट पुसली आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावली.

संध्याकाळी पाचला ते नेहमीसारखे स्कूटरवर बसले. चाचांचा ताप उतरला होता. झांप्याशी आल्यावर काकांनी तोंडाशी हात नेला नाही. पिशवीतून लाल कापडी बांधणीची कोरी वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. चाचांनी डबा उचलला.

‘थांबा, थांबा,’ काका म्हणाले, ‘आधी सांगा, आत हरभरे किती?’