आदर्श आरोपी

दुचाकीच्या अपघातात दोषी कोण, हा प्रश्न आपल्याकडे पंचनाम्यातच निकालात निघतो. जो मेला, तो. ‘स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी दुचाकीस्वारावर गुन्हा दाखल’ ही बातमी आपण चहाबरोबर वाचतो आणि कुणालाही ठसका लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लावायचं, ‘आरोपी मयत’ असा शेरा मारायचा, फाइल बंद. असा आरोपी मिळायला भाग्य लागतं! फरार होत नाही, जामीन मागत नाही आणि ‘साहेब, तिथं खड्डा होता’ असं तर मुळीच म्हणत नाही.

खड्डा बिचारा अनाथ. पहिल्या पावसात जन्मतो, गणपतीआधी बुजवला जातो, विसर्जनाला पुन्हा दर्शन देतो. त्याचा बाप कोण, हे मात्र ठरत नाही. रस्ता खोदला पाणीपुरवठ्यानं, माती लोटली ड्रेनेजवाल्यांनी, मधल्या मध्ये केबल टाकून गेला तो तिसराच. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी नेमका आदल्या महिन्यात संपलेला असतो.

कायदा नाही असं नाही. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याचं काम प्रमाणाप्रमाणे न झाल्यानं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर यंत्रणेला आणि ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. हेल्मेट नसल्याचं चलान फोटोसकट मोबाइलवर येतं. या लाखाचं चलान कुणी पाहिलं असेल, तर जरूर कळवावं.

आता दुचाकीस्वारही धुतल्या तांदळासारखे नाहीत. हेल्मेट कोपरात अडकवून डोकं मोकळं ठेवणारे, पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून उलटे येणारे आपलेच. पुण्यानं तर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले. दहावीतल्या चिरंजीवांच्या हाती गाडी देणाऱ्या बाबांना त्याच २०१९च्या दुरुस्तीत ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, हे सांगितलं की ते म्हणतात, ‘अहो, क्लासला उशीर होतो त्याला!’

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यायला सांगितलं. आणि ते जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करायलाही. तेव्हा घरावर असा प्रसंग आलाच, तर पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहून घ्या. ठेकेदाराचं नावही विचारा.