लान्सर-इम्प्रेझा तुलनाविधी

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या दोन जपानी गाड्यांपैकी वळणावर सरस कोणती, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने सर्वप्रथम उत्तर निश्चित करावे. कारण उत्तर हाती नसताना पुराव्यांत शिरणाऱ्याची अवस्था पत्रिका न पाहता गुण जुळवू पाहणाऱ्यासारखी होते. तुलनाकार यांपैकी एखाद्या गाडीचा मालक असणे आवश्यक नाही. किंबहुना मालकी ही या शास्त्रातील बाधाच होय, कारण मालकाला क्लचप्लेटचा खर्च ठाऊक असतो आणि त्यामुळे त्याची मते मवाळ होतात.

पक्ष ठरल्यावर वंशावळीकडे वळावे. दोन्ही घराणी १९९२ साली उदयास आली आणि दोन्हींचे कूळ रॅलीचे, म्हणजे बर्फ, खडी व चिखल यांवरून घड्याळाशी स्पर्धा करण्याचे आहे. ‘ग्रुप ए’ या नावाच्या नियमावलीत स्पर्धेतील गाडीची किमान २५०० भावंडे सामान्य ग्राहकांसाठी तयार करणे बंधनकारक होते. म्हणूनच मागे डिकी आणि चार दारे असलेल्या, दिसायला संसारी वाटणाऱ्या सेडानमध्ये टर्बो इंजिन आणि चारही चाके फिरवणारी यंत्रणा येऊन बसली. १९९६ आणि १९९७ या दोन्ही वर्षी जागतिक रॅलीतील निर्मात्यांचे विजेतेपद सुबारूकडे गेले आणि चालकांचे विजेतेपद लान्सर चालवणाऱ्या टॉमी माकिनेनकडे. एकाच हंगामात दोन्ही पक्षांना निर्विवाद विजय मिळवून देणारी अशी सोय अन्य क्रीडाप्रकारांत क्वचितच आढळते, आणि तुलनाकाराने तिचा लाभ घेताना प्रतिपक्षाच्या रकान्यावर अंगठा ठेवण्याची दक्षता घ्यावी.

इंजिनाच्या ताकदीवर फार वेळ घालवू नये. जपानी निर्मात्यांनी आपसांत केलेल्या समझोत्यामुळे २००४ पर्यंत दोन्ही घराण्यांच्या अव्वल गाड्यांच्या माहितीपत्रकांत २८० अश्वशक्ती हा एकच आकडा छापला जात असे, आणि प्रतिपक्षाचा तोच आकडा खोटा आहे एवढे म्हटले की हे प्रकरण संपते.

खरे कर्मकांड सुरू होते ते ‘अंडरस्टिअर’ या संज्ञेपासून. चालकाने स्टिअरिंग वळवूनही गाडीचे नाक पुरेसे वळत नाही आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे ओढली जाते, या दोषाला अंडरस्टिअर म्हणतात. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. ती गाडी पुढे ढकलण्यात खर्च झाली की वळण्यासाठी कमी उरते, आणि या गाड्यांत पुढच्या चाकांना ओढणे, वळणे व निम्म्याहून बऱ्याच अधिक वजनाचा भार पेलणे अशी तिन्ही कामे करावी लागतात. सुबारूचे इंजिन बॉक्सर पद्धतीचे, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे निजलेले असे असते. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, ही गोष्ट सुबारूपक्षीयाने ठासून सांगावी. तेच इंजिन पुढच्या ॲक्सलच्या पुढे टांगलेले असते, ही गोष्ट मात्र प्रतिपक्षाला स्वतः शोधू द्यावी.

यानंतर डिफरन्शियलचा अध्याय येतो. वळणावर आतल्या चाकाला थोडे आणि बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. ही तफावत सांभाळून दोन्हींकडे जोर पोहोचवणारा दातेरी चाकांचा संच म्हणजे डिफरन्शियल. तोच गाडीच्या मध्यभागी बसवला की पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये वाटप करतो. एसटीआयमध्ये या मधल्या डिफरन्शियलची जखड चालकाला बोटाने कमीजास्त करता येते, तर लान्सरमध्ये १९९६ च्या चौथ्या इव्होल्यूशनपासून मागच्या डाव्या-उजव्या चाकांत जोराची वाटणी बदलणारी ‘ॲक्टिव्ह यॉ कंट्रोल’ ही यंत्रणा उपलब्ध झाली. बाहेरच्या मागच्या चाकाला अधिक जोर मिळाला की ते गाडीला वळणाच्या आत ढकलते, आणि नाक बाहेर पळण्याची खोड पुष्कळ आवरते. तटस्थ निरीक्षकाला येथे लान्सरची बाजू खरोखर वरचढ वाटते. पण तटस्थता हा तुलनाकाराचा धर्म नसल्याने सुबारूपक्षीयाने ‘हे काम संगणकाचे, चालकाचे नव्हे’ असे म्हणून उसासा टाकावा. तो उसासा या शास्त्रात पूर्ण युक्तिवाद म्हणून ग्राह्य आहे.

एवढे होऊनही घड्याळ विरोधात गेले, तर टायरकडे बोट दाखवावे. जपानमधील त्सुकुबा या जेमतेम दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर ‘बेस्ट मोटरिंग’ या चित्रफितीच्या मासिकाने अशा गाड्यांच्या झुंजी वर्षानुवर्षे लावल्या. एवढ्या लहान ट्रॅकवरील काही दशांश सेकंदांचा फरक टायरचा कंपाउंड, म्हणजे रबराचे मिश्रण, त्यातील हवेचा दाब किंवा डांबराचे तापमान यांपैकी कशानेही पडू शकतो; दुर्दैव एवढेच की हा आक्षेप खरा आहे, आणि खरा असल्यामुळे तो जिंकलेल्या दिवशीही लागू होतो. चिखलासाठी जन्मलेल्या गाड्यांची परीक्षा गुळगुळीत डांबरावर का घ्यावी, हा प्रश्न कोणी विचारल्यास त्याला चहा आणायला पाठवावे.

तुलनाकाराची खरी कसोटी मात्र २०१० साली लागते. त्या वर्षी जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब उत्तर वळशाच्या ट्रॅकवर एसटीआय सेडानने सात मिनिटे पंचावन्न सेकंदांची फेरी मारली आणि तिचे स्टिअरिंग लान्सरमधून चार वेळा जगज्जेता झालेल्या त्याच माकिनेनच्या हाती होते. सुबारूपक्षीयाने हे गाडीचे श्रेय मानावे, लान्सरपक्षीयाने चालकाचे. आणि २००२ सालची मोंटे कार्लो रॅलीही त्याने सुबारूतच जिंकली होती, याची आठवण करून देणाऱ्याशी दोघांनीही बोलणे टाकावे.

भारतात लान्सर हे नाव हिंदुस्तान मोटर्सने आणलेल्या सभ्य गाडीमुळे घरोघरी पोहोचले. तिच्यात ना टर्बो होता, ना मागच्या चाकांना जोर. तरी तिच्या मालकास ‘इव्हो’च्या, म्हणजे इव्होल्यूशनच्या, बाजूने मत मांडण्याचा अधिकार पोहोचतो, कारण नातेसंबंधात लांबचा चुलतभाऊ हाच सर्वाधिक अभिमानाने सांगितला जातो. इव्होल्यूशनचे उत्पादन २०१५ च्या अंतिम आवृत्तीनंतर थांबले आणि पेट्रोल इंजिनवाली एसटीआय २०२१ मध्ये संपली. आता एखादे नवे मॉडेल येऊन जुना निष्कर्ष मोडण्याचे भय उरलेले नाही. दहाव्या इव्होल्यूशनमध्ये प्रथम आलेले ‘सुपर ऑल व्हील कंट्रोल’ हे यंत्रणेचे नाव मात्र मित्सुबिशीने आउटलँडर या कुटुंबवत्सल गाडीला दिले आहे, तेव्हा लान्सरपक्षीयाने यापुढे तिच्या मागच्या सीटवरील मुलांना वळणावर मळमळ होते की नाही, याच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ करावा.